उस्तानीचा दाखला

सकाळच्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, डी.एड.ची मुलगी लांबूनच ओळखू येई. गोष्ट 2000 नंतरच्या दशकातली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठूनही चढली तरी तिच्या हातात गुंडाळलेले तक्ते, पिशवीत पुठ्ठ्याचे घड्याळ आणि मांडीवर सराव पाठाच्या टाचणाची वही असे. त्यांत आमच्या घरांतल्या मुलीही होत्या. बारावीनंतर दोनच वर्षे आणि पुढे शाळा! जी अम्मी कॉलेजला नको म्हणत होती, तीही डी.एड.ला राजी होई. 'उस्तानी' हा शब्द आमच्या मोहल्ल्यात आधीपासूनच इज्जतीचा.

या दाराशी आम्ही नव्याने आलो, असे मात्र कोणी समजू नये. पुण्यात 1848 साली फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अहमदनगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे धडे घेतल्याचे चरित्रकार सांगतात. घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांच्या घराने त्यांना आसरा दिल्याचेही तेच सांगतात. फातिमा शेख यांचे नाव येते ते सावित्रीबाईंनी 10 ऑक्टोबर 1856 रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात. आपण आजारी, माहेरी अडकलेल्या. मागे सारा भार फातिमावर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्या मजकुराचा आशय आहे. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या 1988 सालच्या समग्र वाङ्मयात हे पत्र छापलेले आहे. तरीही जानेवारी 2025 मध्ये एका पत्रकाराने ही बाई आपणच रचली, असा दावा केला. एकशे एकोणसत्तर वर्षांनंतर फातिमाबींनाच दाखला मागण्यात आला! (त्याच 1856 साली कल्याणहून बदलापूरमार्गे पळसदरीपर्यंत आगगाडी सुरू झाली. तिच्या असण्याबद्दल कोणी पुरावा मागत नाही.)

शिक्षकाने शिकवायला शिकले पाहिजे, हा आग्रह जोतीरावांनी 1882 साली हंटर आयोगापुढेही धरला. अप्रशिक्षित मास्तरांच्या जागी प्रशिक्षित नेमावेत, ते कष्टकरी जातींतूनही यावेत, नांगर धरायला त्यांनी लाजू नये. आणि त्यांना 12 रुपयांपेक्षा कमी पगार नसावा. या दोन मागण्या एकत्र होत्या, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. पुढच्यांनी पहिली उचलली आणि दुसरी सोयीने विसरली.

मध्यंतरी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी पास झालेलेच मास्तर होत. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. 1949 साली तिचे उल्हासनगर झाले. तिथे सिंधी माध्यमाच्या शाळा निघाल्या. त्यांची जुनी लिपी आमच्या उर्दूची सख्खी बहीण, उजवीकडून डावीकडे जाणारी. मायभाषेतून शिकवणारा माणूस मिळणे किती अवघड, हे त्या छावणीने आमच्याइतकेच अनुभवले. आमच्या मुलींपुढेही पेच होताच: उर्दू माध्यमातून डी.एड. करावे, की मराठीतून? घरात बोली एक, मदरशात दुसरी, नोकरीची तिसरीच.

1986 च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. ठाणे जिल्ह्याची संस्था बदलापूरजवळ रहाटोलीला आली. तिकडे प्रशिक्षण सुधारत होते आणि इकडे राज्याने 2000 साली शिक्षण सेवक योजना आणली. तीन वर्षे सेवक म्हणून राबायचे, मानधन दरमहा 3000 रुपये. लोकलच्या पासाचे आणि डब्याचे पैसे वजा जाता घरी काय न्यायचे? हे मानधन प्राथमिक शाळांसाठी 16,000 व्हायला 2023 उजाडले.

तोवर दारच अरुंद झाले होते. डी.एड.ची विद्यालये भरमसाट निघाली. मग 2012 च्या सुमारास भरती थांबली आणि डिसेंबर 2013 मध्ये पहिली टीईटी झाली. पदविकेचे नाव आधी डी.टी.एड., नंतर डी.एल.एड. झाले, तक्ते तेच राहिले. अनेकींनी दाखला लॅमिनेट करून कपाटात ठेवला आणि घरी शिकवण्या सुरू केल्या.

आता 1 सप्टेंबर 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहा. ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचे, नाहीतर नोकरी सोडायची. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवलेला आहे. हा खटला महाराष्ट्रातल्याच अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या नावाने ओळखला जातो. परीक्षेला आमचा विरोध नाही. शिक्षक कच्चा असेल तर पहिला बळी आमच्याच वस्तीतल्या पोराचा जातो. पण वीस वर्षे फळ्यापुढे उभी राहिलेली बाई शिकवू शकते की नाही, हे तिच्या वर्गात बसून पाहायला कोणी का येत नाही?

आमच्या ओळखीच्या एक बाई, त्या तक्तेवाल्या मुलींपैकीच, आज अंबरनाथहून गाडी पकडतात. वय पंचेचाळीसच्या पुढे. मांडीवर पुन्हा वही असते. या वेळी बालमानसशास्त्राची. शेजारी बारावीतली लेक बसते आणि कल्याण येईपर्यंत आईला प्रश्न विचारते.