पनवेलकरांनो, ठेव ठेवण्याआधी कंपनी तपासा

व्याज नको म्हणून आपल्यातली बरीच कुटुंबं 'हलाल नफा' देणाऱ्या कंपनीत पैसे ठेवतात. एजंट नोंदणीचं सर्टिफिकेट दाखवतो. ते खोटं असेलच असं नाही. बेंगळुरूच्या आयएमएचीही नोंदणी होती. जून २०१९ मध्ये मालक दुबईला पळाला आणि हजारो मुस्लिम घरांची बचत अडकली.

तरी सुरुवात नोंदणीपासूनच करा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए वेबसाइटवर 'मास्टर डेटा'मध्ये कंपनीचं नाव किंवा सीआयएन टाका. पैसे लागत नाहीत. सीआयएनमध्ये २१ अक्षरं-आकडे असतात. त्यातलं 'एमएच' म्हणजे महाराष्ट्र, आणि लगेच पुढचे चार आकडे म्हणजे स्थापनेचं वर्ष. 'वीस वर्षं जुनी कंपनी' ही थाप तिथेच पकडली जाते. पत्ता, भांडवल, शेवटचा ताळेबंद कधीचा, हेही दिसतं. भांडवल एक लाख आणि ठेवी कोटींच्या, तर गणित कसं बसणार? 'स्ट्राइक ऑफ' लिहिलं असेल, तर कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढलेलं आहे. विषय संपला.

पण नोंदणी म्हणजे लोकांकडून ठेवी घेण्याचा परवाना नव्हे. तो आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर बघा. तक्रारही तिथे करता येते.

सहकारी संस्था मात्र एमसीएवर शोधू नका. आपल्या पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. अशा बँका आणि पतसंस्थांची नोंदणी सहकार खात्याकडे असते.