माथाडी कायदा आणि 'मालक' या संज्ञेचा प्रश्न

श्रमिकांना संरक्षण देणाऱ्या बहुतेक कायद्यांच्या मुळाशी एक गृहीत असते: काम करणाऱ्यास कोणी एक निश्चित मालक आहे. हे गृहीत जेथे लागू पडत नाही, तेथे राबणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने कामगारच ठरत नाही. मोबाइलवरील मंचांद्वारे घरपोच माल पोचविणाऱ्यांचा व प्रवासी नेणाऱ्यांचा आजचा पेच याच स्वरूपाचा आहे. कंपन्या त्यांना 'भागीदार' म्हणतात; आणि भागीदारास भविष्यनिर्वाह निधी किंवा भरपगारी रजा मागता येत नाही.

हा पेच मुंबईस नवा नव्हे. 'माथा' या शब्दावरून ज्याचे नाव पडले तो माथाडी बाजारपेठांतून व वखारींतून अनेक व्यापाऱ्यांचा माल वाही. व्यापारी म्हणे, हमाल टोळीचा. टोळीवाला म्हणे, माल व्यापाऱ्याचा. या दोहोंमध्ये मालक हरवून जाई. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली हे कामगार संघटित झाले आणि १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम संमत झाला.

या अधिनियमाचे वैशिष्ट्य असे की, एकमेव मालकाचा शोध लागेपर्यंत तो थांबला नाही. गोदी कामगारांसाठी १९४८ च्या कायद्याने घालून दिलेल्या वाटेने जाऊन त्याने मालक, कामगार व शासन यांच्या प्रतिनिधींची मंडळे स्थापण्याची तरतूद केली. कामगार व माल देणारे या दोघांचीही नोंदणी व्हावी, मजुरी व तीवरील लेव्ही मंडळाकडे भरली जावी, आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा इत्यादी लाभ मिळावेत, अशी ही योजना होती.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने, जी नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली, मंचावरील कामगारास प्रथमच संज्ञा दिली. परंतु पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या 'बाहेर' काम करणारा, अशी ती अभावात्मक आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान द्यावे, असे संहिता सांगते. राजस्थानच्या २०२३ च्या कायद्याने कल्याण मंडळ व प्रत्येक व्यवहारावर शुल्क योजून माथाडी पद्धतीशी अधिक जवळीक साधली.

तथापि साम्य येथेच संपते. माथाडी मंडळाच्या हातून प्रत्यक्ष मजुरी जाते. नव्या मंडळांच्या हाती केवळ कल्याणनिधी येतो, आणि कामाचा दर व वाटप कंपनीकडेच राहते. निधीची जमवाजमव म्हणजे संरक्षण नव्हे. नव्या कायद्यांनी १९६९ च्या अधिनियमाचे बाह्यरूप उचलले. त्याचा गाभा मात्र अद्याप मागेच राहिला आहे.