वनभोजनास कोणती शेगडी न्यावी?

संपादिकाबाईंनी यंदा मजकडे विषय सोपविला तो असा, की आपल्या मंडळाच्या वनभोजनांचा इतिहास लिहावा. इतिहास लिहिण्याइतकी मी विदुषी नव्हे. परंतु गेल्या महिन्याच्या सभेत सहलीसाठी शेगडी कोणती घ्यावी यावर जो तासभर वाद झाला, तो ऐकताना मला वाटले, की वनभोजनाचा खरा इतिहास म्हणजे त्यातील शेगडीचाच इतिहास होय. तरुण भगिनींनी लहान डब्यातील गॅसवर चालणारी, पेटीत घालून नेता येणारी शेगडी सुचविली. जुन्या भगिनी म्हणाल्या, तीन दगड मांडले की झाले. मी त्या दिवशी गप्प बसले. मला जे सांगावयाचे होते ते भर सभेत सांगण्यासारखे नव्हते, म्हणून येथे लिहिते.

तीन दगडांची चूल काही वाईट नव्हे. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली स्वयंपाक करून तेथेच जेवावयाचे, ही चाल आपल्याकडे फार जुनी आहे. त्यासाठी घरून चूल न्यावी लागत नसे. दगड तेथलेच, काटक्या तेथल्याच. पण माझ्या सासूबाई सांगत, की पंगत उठून फुगड्या सुरू झाल्या तरी दोघीतिघी चुलीपाशी फुंकणी घेऊन डोळे पुशीत बसलेल्या असत. वनभोजन सगळ्यांचे आणि धूर मात्र त्यांचा. शेगडी निवडताना माझ्या मनात हा विचार पहिला येतो, की रांधणारीला उठून मोकळे होता येईल काय?

उचलून नेण्याजोग्या शेगडीचा शोध मात्र सहलींसाठी लागला नाही. अलेक्सिस सोयर नावाचा एक फ्रेंच आचारी लंडनमधील एका नामांकित क्लबात मुदपाकखान्याचा प्रमुख होता. त्याने १८४९ मध्ये टेबलावर ठेवता येईल अशी स्पिरिटची लहान शेगडी विक्रीस आणली. पुढे क्रिमियाच्या युद्धात सैनिकांचे अन्नावाचून होणारे हाल ऐकून तो १८५५ मध्ये तिकडे गेला, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई जेथे रुग्णसेवा करीत होत्या त्या स्कुटारीच्या इस्पितळातील स्वयंपाक त्याने सुधारला. छावणीसाठी त्याने पिंपासारखी बंद शेगडी तयार केली. तिला जळण थोडे लागे, वारापाऊस बाधत नसे आणि आतील जाळ शत्रूला दिसत नसे. ब्रिटिश लष्कराने ती शंभर वर्षांहून अधिक काळ वापरली.

आपल्या घराघरांत जो शिरला तो प्रायमस स्वीडनमधला. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने तो १८९२ च्या सुमारास तयार केला. त्याची खुबी अशी, की बर्नर आधी तापवावयाचा, टाकीत पंपाने हवा भरावयाची, म्हणजे रॉकेल वर चढते, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती वाफ हवेत मिसळून निळ्या ज्योतीने जळते. वातीचा स्टोव्ह भांडी काळी करी. हा करीत नसे. नान्सेनने १८९५ मध्ये उत्तर ध्रुवाच्या बाजूस जाताना बर्फावर हाच नेला, अमुंडसेनने १९११ मध्ये दक्षिण ध्रुवाकडे हाच नेला, आणि १९५३ मध्ये एव्हरेस्टच्या शेवटच्या तळावर तेनसिंग व हिलरी यांनी बर्फ वितळवून पिण्याजोगे पाणी केले तेही अशाच स्टोव्हवर. एवढा पराक्रमी गडी सकाळी आपल्या ओट्यावर फरफरत असे, आणि आपण त्याला पिन मारीत असू!

आपल्या देशातही एका डॉक्टरांनी या प्रश्नाचा विचार केला होता. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये इकमिक कुकर काढला. डब्यात डबे रचावयाचे, खाली निखाऱ्यांची थाळी, मध्ये पाणी. वाफेवर भात, वरण, भाजी एकदमच शिजे. तसाच पितळी कुकर आमच्या सासरी होता. सासूबाई तो सहलीला नेत, निखारे घालून झाडाखाली ठेवीत आणि दोन तास त्याच्याकडे बघत नसत. ‘हा एकटाच असा आहे जो मला हाक मारीत नाही,’ असे त्या म्हणत. पण त्यात चारपाच माणसांचे होई, मंडळाचे नव्हे.

मी १९७४ मध्ये लग्न होऊन या वस्तीत आले आणि मंडळाची सभासद झाले. तो काळ रॉकेलच्या रांगांचा. १९७२ मध्ये मुंबईत महागाईविरुद्ध स्त्रियांची संयुक्त समिती निघाली, मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर प्रभृतींनी लाटणी घेऊन मोर्चे काढले, त्याची चर्चा आमच्या हळदीकुंकवातही होई. त्या दिवसांत सहलीसाठी रॉकेल साठवावयाचे म्हणजे घरोघरीच्या वाट्यातून वाटीवाटी जमवावे लागे.

आता १९७८ सालची गोष्ट. आम्ही पस्तीसजणी खडकवासल्याच्या बाजूला गेलो होतो. मंडळाचा एक मोठा पंपाचा स्टोव्ह होता. ज्यांना सारे मंडळ वहिनी म्हणे त्या आमच्या कार्याध्यक्षा स्वयंपाकावर होत्या. पाण्यावरून वारा जोराचा येत होता, ज्योत टिकेना. मी तेव्हा तरुण, हुशारीचा भारी सोस. शेजारी एका बांधकामावर पडलेले पत्रे मी आणले आणि स्टोव्हभोवती अगदी लागून उभे केले. वर आमटीचे मोठे पातेले. ज्योत स्थिर झाली आणि सगळ्यांनी मला शाबासकी दिली.

पत्र्यांनी वारा अडविला, तशीच उष्णताही अडविली, हे माझ्या ध्यानात आले नाही. पातेल्याच्या रुंद बुडाखालून ती खाली टाकीवर येत होती. टाकी तापली, आतला दाब वाढला आणि ज्योत एकाएकी उंच झाली. वहिनींनी पुढे होऊन हवा सोडण्याची चावी फिरविली. सुटलेल्या वाफेनेच पेट घेतला. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. कोणी शाई लावा म्हणे, कोणी तूप. सुदैवाने एकीने पाण्याचा हंडाच त्यांच्या हातावर रिता केला. पुढे डॉक्टरांनी तेच योग्य झाले असे सांगितले.

सगळ्यांनी दोष स्टोव्हला दिला. ‘जुना झाला होता, वॉशर गेला असेल,’ असे ठरले आणि तो भंगारात गेला. पत्रे कोणी लावले हे वहिनींनी कधी काढले नाही आणि मीही कबूल केले नाही.

त्यानंतरच्या वर्षांत ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ अशा बातम्या वरचेवर येऊ लागल्या. एका सभेत वहिनींनी बाही वर करून हाताचा व्रण दाखविला आणि म्हणाल्या, “स्टोव्हने मला भाजले ते एवढे. डोक्यापासून पायापर्यंत कोणी भाजते तेव्हा स्टोव्हला विचारून भागणार नाही, घराला विचारले पाहिजे.” देशभर स्त्रियांच्या संघटना तेच विचारीत होत्या. सासरच्या छळाविषयीचे ४९८-अ हे कलम १९८३ मध्ये आले आणि हुंडाबळीविषयीचे ३०४-ब हे १९८६ मध्ये. वहिनींचे बोलणे ऐकताना माझी मान मात्र खाली होती. स्टोव्हवर आळ घालून मोकळे होणे किती सोपे असते, हे मला चांगले ठाऊक होते.

म्हणून यंदाच्या शेगडीविषयी बोलते. स्वयंपाकाचा गॅस मुंबईत १९५५ च्या सुमारास आला, इंडेनची पहिली जोडणी १९६५ मध्ये कलकत्त्यास झाली, आणि आता रॉकेल शोधावे लागते. तेव्हा सहलीला गॅस न्यावा हे मलाही मान्य आहे. पण पेटीतल्या शेगडीत गॅसचा डबा बर्नरच्या अगदी शेजारी असतो. तिच्यावर पेटीहून रुंद तवा अथवा पातेले ठेवले, किंवा भोवती लागून आडोसा केला, तर डबा तापून फुटू शकतो. म्हणजे माझीच १९७८ सालची चूक, फक्त नव्या वेष्टनात. ती शेगडी चारसहा माणसांच्या चहाला उत्तम. चाळीसजणींच्या आमटीला घेऊ नये. मोठ्या पातेल्याला पाच किलोचा सिलिंडर, लांब नळी आणि वेगळी, बसक्या पायांची शेगडी असावी. आडोसा वाऱ्याच्या एकाच अंगाला, हातभर लांब. गॅस हवेहून जड असल्याने तो खड्ड्यात साचतो, म्हणून जागा सपाट नि मोकळी पाहावी. पाऊस आला तरी पेटती शेगडी तंबूत किंवा मोटारीत घेऊ नये.

आगगाडीने जाणार असू तर सिलिंडर नेण्याचा विचारही नको. रेल्वेत ते निषिद्ध आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईस उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात असा चोरून आणलेला सिलिंडर होता. आग लागून नऊजणांचे प्राण गेले. राखीव जंगलातही १९२७ च्या कायद्यान्वये विस्तव पेटविण्यास बंदी आहे. तेव्हा तीन दगडवाल्या भगिनींनी मला क्षमा करावी.

माझी सूचना एवढीच, की पुरणपोळ्या, भाजी घरून न्यावी. तेथे फक्त भात, आमटी आणि चहा करावा. चुलीपाशी दर अर्ध्या तासाने बाई बदलावी, म्हणजे फुगडी सगळ्यांच्या वाट्यास येईल.

वहिनी आता नाहीत. त्यांच्या हयातीत जे बोलावयास हवे होते ते मी बोलले नाही, ते आज लिहिले. सहलीच्या दिवशी शेगडी कोणीही आणा. तिच्याजवळ ठेवावयाची पाण्याची भरलेली बादली मात्र मी आणीन, आणि पहिला अर्धा तास चुलीपाशी मीच बसेन.