राबत्याने राखलेला वाडा

दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात शुक्रवार, बुधवार आणि विश्रामबाग असे तीन वाडे बांधले. त्यांतले पहिले दोन आगीत गेले. थोरल्या बाजीरावाचा शनिवारवाडाही १८२८ साली जळाला आणि मागे तट, दरवाजे व जोती उरली. पेशव्यांचे राहते घर कसे होते हे शहरात पाहायचे, तर बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबागवाड्यातच जावे लागते.

इथे आधी हरिपंत फडक्यांची बाग होती. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, सुमारे दोन लाख रुपये खर्चून तिथे वाडा उठला. सारी नजर दर्शनी भागावर खिळते. दरवाज्यावर लाकडी सज्जा पुढे आलेला, त्याला सुरूदार खांब. तळाशी कमळाच्या पाकळ्या, वर सुरूच्या झाडासारखा निमुळता होत गेलेला दांडा, मग महिरपी आणि त्यांतून लोंबणारी केळफुले. जुन्या वाड्यांत असे खांब दगडी तळखड्यावर बसवत, म्हणजे जमिनीची ओल लाकडात चढत नसे. सुतार नक्षीइतकीच पुढच्या पिढ्यांचीही काळजी घेत होता.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि वाड्याचा धनी कायमचा गेला. एरवी अशा घराला उतरती कळा लागते. पण ६ ऑक्टोबर १८२१ रोजी इथे दक्षिणा निधीच्या पैशांतून संस्कृत पाठशाळा सुरू झाली. डेक्कन कॉलेजचे मूळ हेच. पुढे सरकारी हायस्कूलही इथे भरले. मे १८७९ मध्ये बुधवारवाड्याबरोबर हा वाडाही पेटवला गेला आणि त्याचा एक भाग जळाला. तेव्हा नगरपालिकेने आणि पुणेकरांनी पैसे घालून तो पुन्हा उभा केला. पुढे पालिकेची कचेरी, टपाल कार्यालय, शहराच्या इतिहासाचे प्रदर्शन असा राबता चालूच राहिला.

रोज माणसे येतात तिथे गळके कौल त्याच पावसाळ्यात दिसते, वाळवी वेळेवर सापडते आणि डागडुजीला मागणी करणारा कुणीतरी असतो. वारसा वास्तूंच्या यादीत नाव चढवणे गरजेचे आहेच; पण गावोगावचे कुलूपबंद वाडे वाचवायचे असतील, तर त्यांना वाचनालय, शाळा, दवाखाना असे काहीतरी काम द्यायला हवे.