गुलामांच्या जहाजावरील कप्तानाची साक्ष

स्वतःच्या पूर्वायुष्यातील अपराध मंडळीसमोर, म्हणजे उपासनेसाठी जमलेल्या विश्वासणाऱ्यांसमोर, उघड सांगून इतरांना धीर देण्याच्या ख्रिस्ती प्रथेला ‘साक्ष देणे’ म्हणतात. धर्मगुरूला एकांतात पाप सांगून क्षमा मागण्याच्या विधीहून ती वेगळी आहे. कारण एवढ्या पतिताला देवाने स्वीकारले असेल तर कोणीही निराश होऊ नये, हे ऐकणाऱ्याच्या मनात ठसवणे हा तिचा हेतू असतो. पौलाच्या नावे असलेल्या तीमथ्याला पहिल्या पत्रात हाच विचार आढळतो. तेथे मंडळीचा छळ करणारा हा प्रेषित स्वतःला पाप्यांमधील मुख्य म्हणवतो आणि आपल्यावर झालेली दया पुढील विश्वासणाऱ्यांसाठी उदाहरण ठरली असे मानतो. इ. स. 400 च्या सुमारास ऑगस्टीनने आणि 1666 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन बनियनने या साक्षीला आत्मचरित्राचे रूप दिले.

या प्रथेचे बळ आणि तिची मर्यादा, दोन्ही जॉन न्यूटनच्या (1725–1807) आयुष्यात एकत्र दिसतात. आरमारातून पळाल्याबद्दल फटके खाल्लेला आणि देवाधर्माची उघड टवाळी करणारा हा खलाशी 1748 च्या मार्चमध्ये अटलांटिक महासागरातील वादळात सापडला आणि तेथून त्याचे मन पालटू लागले. तरीही 1750 ते 1754 या काळात तो आफ्रिकेतून गुलाम नेणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. 1764 मध्ये ओल्नी या गावी त्याने पाळकपद स्वीकारले आणि त्याच वर्षी त्याची चौदा पत्रांच्या रूपातील आत्मकथा प्रसिद्ध झाली. पुढे तो लंडनच्या सेंट मेरी वुलनॉथ चर्चमध्ये असताना, 1791 मध्ये, क्लॉडियस ब्युकॅनन या स्कॉटिश तरुणाने त्याला निनावी पत्र लिहिले. युरोपच्या प्रवासाला जात असल्याचे आईवडिलांना खोटे सांगून हा तरुण लंडनमध्ये हलाखीत दिवस काढत होता. न्यूटनने व्यासपीठावरूनच पत्रलेखकाला भेटीस बोलावले आणि त्याला मार्गाला लावले. हाच ब्युकॅनन पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजचा उपप्रमुख झाला.

मात्र 1764 च्या आत्मकथेत निंदा, स्वैराचार आणि अश्रद्धा यांची जशी कठोर कबुली आहे, तशी गुलामांच्या व्यापाराची नाही. बेड्या-साखळदंडांशी येणाऱ्या संबंधाचा न्यूटनला उबग येत असे. पण त्या काळी तो व्यापार प्रतिष्ठित मानला जात असल्याने आपण अधर्म करत आहोत, असे त्याला कप्तानपदी असताना वाटले नव्हते. समाज ज्याला चूक म्हणत नाही, ती चूक साक्षीतही सहसा येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

ही उणीव त्याने गुलामांच्या व्यापारावरील 1788 च्या पुस्तिकेत भरून काढली. जहाजातील जेमतेम पाच फूट उंचीच्या खणाचे मधोमध दोन मजले पाडून माणसांना एकमेकांना खेटून कसे निजवले जाई, हे त्याने त्यात पाहिलेल्या माणसाच्या नेमकेपणाने लिहिले; आपली कबुली उशिरा आली असून झालेली हानी तिने भरून निघणार नाही, हेही नोंदवले. पुढे या व्यापाराविरुद्ध संसदेत लढलेला खासदार विल्यम विल्बरफोर्स 1785 मध्ये सल्ल्यासाठी आला, तेव्हा त्याला न्यूटनने राजकारण न सोडण्याचा सल्ला दिला होता. 1790 मध्ये त्याने स्वतः कॉमन्स सभागृहाच्या समितीपुढे जबानी दिली आणि 1807 मध्ये, त्याच्या निधनाच्या वर्षीच, ब्रिटिश संसदेने हा व्यापार बेकायदा ठरवला.

पहिल्या साक्षीने न्यूटनसारख्याच वाट चुकलेल्यांना धीर दिला, तर दुसरीने ज्यांच्यावर त्याने अन्याय केला होता त्यांच्या बाजूने पुरावा उभा केला. अपराध्याला दिलासा देणारी कबुली पीडिताच्याही उपयोगी पडावी, ही कसोटी लावली तर न्यूटनची साक्ष 1764 मध्ये सुरू होऊन 1788 मध्ये पुरी झाली, असेच म्हणावे लागते.