सुट्या गुदामाची कुळकथा

घर बांधून झाले, किंबहुना बांधावयाचे ठरले, की गृहस्थाला दुसरी हौस सुटते ती घराबाहेरच्या इमारतीची. कर्जतकडे, अलिबागेस किंवा मुळशीच्या खोऱ्यात जमिनीचा तुकडा हाती आला, की मूळ घराचे जोते भरून होण्यापूर्वीच मोटार, अवजारे, अडगळ आणि जमल्यास माळ्यावर एखादी खोली अशा सर्व गरजा एका छपराखाली सामावणारी, उंच उतरत्या पाख्यांची, रुंद दाराची आणि घरापासून सुटी अशी एक इमारत त्याच्या नकाशावर उमटू लागते. आणि हा आकार आपण परदेशी नियतकालिकांतील धान्यकोठारांच्या चित्रांवरून उचलला, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. आकारापुरती ती समजूत खोटी नाही. परंतु त्या आकारामागचा विचार, म्हणजे काही वस्तू घरात न ठेवता घरापासून नेमके अंतर राखून, त्या वस्तूंच्या स्वभावाला अनुसरून बांधलेल्या इमारतीत ठेवाव्या हा विचार, आपल्याकडे पुष्कळ जुना आहे. आणि त्याचे मुंबईतील पक्व रूप पाहावयाचे असेल, तर हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्थानकावर उतरून पूर्वेच्या बाजूस कापसाच्या गुदामांच्या आवारात एक फेरी मारणे पुरेसे आहे. या गुदामाला दोन जुनी कुळे आहेत: मातृकुळ धान्याच्या कोठाराचे आणि पितृकुळ दारूखान्याचे.

प्रथम कोठाराचा विचार करू. धान्याचे शत्रू तीन, ओल, उंदीर आणि चोर. आणि या तिघांचाही बंदोबस्त भिंतीने होतो. म्हणून घरातील बळद भिंतीच्या पोटात गेले, शेतातील पेव जमिनीच्या पोटात गेले, आणि राज्याचे धान्य साठविण्याची वेळ आली तेव्हा पन्हाळगडावरच्या अंबारखान्यासारख्या प्रचंड दगडी इमारती उभ्या राहिल्या. गंगा, यमुना आणि सरस्वती या नावांच्या त्या कोठ्यांपैकी एकट्या गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावत असे. धान्य वर नेण्यासाठी बाहेरून पायऱ्या आणि ते आत ओतण्यासाठी छतातच झरोके, अशी तिची रचना आहे. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की हा अंबारखाना गडाच्या ऐन गाभ्यात आहे. धान्य हे धन असल्यामुळे ते जितके जवळ तितके बरे. त्याला जाड भिंत हवी, अंतर नको.

दारूखान्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील त्या राजनीतिग्रंथात, दुर्गांच्या व्यवस्थेचे जे प्रकरण आहे त्यात दारूखान्यासंबंधी स्वतंत्र ताकीद दिलेली आहे: तो घराजवळ नसावा, सदरेपासून सुमाराने दूर जागा पाहून बांधावा, भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण करावे, खाली तळघर करून आत गच्च करावे, ठराविक दिवसांनी हवालदाराने दारू बाहेर काढून उन्हात वाळवून पुन्हा ठेवावी, आणि परवानगीवाचून कोणास जवळ जाऊ देऊ नये. इमारतीपेक्षा इमारतीभोवतालच्या रिकाम्या जागेला अधिक महत्त्व देणारे हे बांधकामशास्त्र आहे. भिंत कितीही जाड केली तरी आगीच्या प्रकरणात अखेरचा रक्षक अंतर हाच, हे अमात्यांना पुरते ठाऊक होते. कॉटन ग्रीनच्या शेजारी, रे रोडच्या पूर्वेस समुद्राच्या अंगाला जहाजे मोडण्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेली जी वस्ती आहे, तिचे नाव आजही दारूखाना असेच आहे.

आता कापूस पाहा. हा पदार्थ धान्यासारखा ओलीला भितो आणि दारूसारखा ठिणगीला भितो. शिवाय वजनाच्या मानाने जागा इतकी अडवितो, की दाबून गाठी बांधल्यावाचून त्याचा व्यापारच संभवत नाही. मुंबईच्या बाजारात 784 रत्तलांची एक खंडी आणि 392 रत्तलांची एक गाठ, म्हणजे दोन गाठींची खंडी, असा हिशेब दीर्घकाळ रूढ होता. अशा दाबलेल्या गाठीत ठिणगी शिरली म्हणजे ती लगेच भडकतेच असे नाही. तंतूंच्या अंतरंगात कोंडलेल्या हवेवर ती आतल्या आत धुमसत राहते, वरून पाणी ओतून आग विझल्यासारखी वाटते, आणि काही तासांनी, क्वचित काही दिवसांनी, तीच गाठ पुन्हा पेट घेते. त्यामुळे कापसाला निवाऱ्यासाठी कोठार हवे, आणि ते कोठार दारूखान्याप्रमाणे सुटे हवे.

मुंबईला ही गोष्ट समजावयास मात्र बराच काळ लागला. आज जेथे हॉर्निमन सर्कलचा बगीचा आहे, तेथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोटातील मोकळे मैदान होते, त्याला बॉम्बे ग्रीन म्हणत; आणि 1833 मध्ये पुऱ्या झालेल्या टाउन हॉलच्या पायऱ्यांसमोर, भर शहरात, परदेशी रवाना व्हावयाच्या कापसाच्या गाठींच्या थप्प्या उघड्यावर रचलेल्या असत. 17 फेब्रुवारी 1803 च्या भीषण आगीत कोटातील बाजारभागाची राखरांगोळी झालेली होती, तरीही हा जळाऊ माल पुढे कित्येक वर्षे तटाच्या आतच राहिला. अखेर 1844 मध्ये हा बाजार कुलाब्यास हलविण्यात आला. 1838 मध्ये कॉजवे पुरा होऊन कुलाबा शहराशी जोडला गेला होता, तेथे जागा मुबलक होती, आणि गुजरात-काठेवाडकडून येणारी गलबते तेथील बंदरांना सहज लागत. कापूस गेला, त्याबरोबर ग्रीन हे नावही गेले; हिरवळीचा संबंध तेथेच सुटला.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि कुलाब्याच्या मैदानावरील गाठींना सोन्याचे मोल आले. या चार-पाच वर्षांत कापसात माती मिसळणे, पाणी मारून वजन वाढविणे असे गैरप्रकार इतके माजले, की 1863 मध्ये सरकारला त्यासंबंधी कायदा करावा लागला. कापसाचे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या काळातील सट्टा आणि युद्ध संपल्यावर 1865 च्या जुलैमध्ये त्याला बसलेला धक्का यांची हकीकत सर्वश्रुत आहे, तिची पुनरुक्ती नको. गुदामाच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना निराळी आहे. कावसजी नानाभाई दावर यांच्या ताडदेवच्या गिरणीने 1856 च्या सुमारास सूत काढण्यास आरंभ केला, आणि तेथून पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, शिवडी या टापूत गिरण्यांची धुरांडी दाटली. आता कापूस उतरायचा शहराच्या दक्षिण टोकाला आणि लागायचा उत्तरेला; वऱ्हाड-खानदेशातून रेल्वेने आलेला मालही परळ ओलांडून कुलाब्यास जाई आणि विकला गेल्यावर खटाऱ्यांतून सारे शहर तुडवीत परळास परत येई. या उलटसुलट वाहतुकीचा खर्च गाठीगणिक पडत असे.

यातून मार्ग निघाला तो समुद्र हटवून. 1873 मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टने 1908 ते 1912 या काळात माझगाव-शिवडीच्या किनाऱ्यावर भराव घालून 583 एकर नवी जमीन निर्माण केली. हार्बर मार्ग 1910 च्या डिसेंबरात कुर्ल्याहून रे रोडपर्यंत आला, पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे 1915 च्या आरंभी सुरू झाली, आणि रूळ, गोदी व गिरणी या तिघांच्या मधोमध कापसाला हक्काची जागा मिळाली. 1921 मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनची स्थापना झाली, सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि त्याच दशकात बाजार कुलाब्याहून येथे येऊन स्टेशनासमोर कॉटन एक्स्चेंजची इमारत उभी राहिली. ग्रीन हे नाव तिसऱ्या ठिकाणी पोहोचले.

जुन्या शहरात गुदामे जागा सापडेल तशी घुसडली जात. येथे कोरी जमीन असल्यामुळे आधी आखणी आणि मग इमारत असा क्रम शक्य झाला. कापसाचा डेपो निराळा, धान्याचा डेपो निराळा, खनिज तेलाचे साठे शिवडीकडे निराळे. आणि कापसाच्या आवारातही गुदामांच्या रांगा, त्यांच्यामध्ये रस्ते. हे रस्ते हमालांच्या हातगाड्यांसाठी जितके, तितकेच एका रांगेची आग दुसरीस न पोहोचावी यासाठी. नगररचनेच्या सरकारी भाषेत ज्याला आज सामासिक अंतर म्हणतात, आणि जे चुकविण्यासाठी लोक नाना युक्त्या योजतात, त्याचे प्रयोजन येथे उघड्या डोळ्यांनी दिसते.

गुदामाच्या अंगोपांगांचाही असाच हिशेब आहे. जोते उंच, कारण पावसाळ्यात भरावाच्या जमिनीतून ओल चढते, आणि जोते गाडीच्या पाठीइतके उंच असले तर हमालाला गाठ उचलावी लागत नाही, ती सरकवता येते. दार रुंद, कारण गाठ आडवी जाते. आत खांब कमी, कारण थप्पी रचताना खांब आडवा येतो. आणि खांब काढले की छपराचा भार पेलावयास सुतार ज्याला कैची म्हणतो ती त्रिकोणी चौकट अपरिहार्य ठरते. त्या छपराचे आच्छादन गोदीच्याच परंपरेतून आले. लंडनच्या गोदीचे अभियंते हेन्री रॉबिन्सन पामर यांनी 1829 मध्ये पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले आणि त्याचा पहिला उपयोग तेथील गोदीतल्या शेडवरच झाला. आपल्याकडे त्याच्या जोडीला मंगळुरी कौल आले, ज्याचा कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरास काढला. पत्रा हलका पण तापणारा, कौल थंड पण जड. पश्चिम किनाऱ्यावरील बहुतेक गुदामे या दोहोंमधील निवडीचीच फळे आहेत.

अंतराचा नियम मोडला म्हणजे काय होते, याचा पुरावा या परिसराने 14 एप्रिल 1944 रोजी पाहिला. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकिन जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटके आणि कराचीस चढविलेल्या सुमारे 8,700 कापसाच्या गाठी होत्या. युद्धकाळात जहाजांची टंचाई म्हणून दारूखाना आणि कापूसकोठार एकाच तळात रचले गेले होते. दुपारी कापूस धुमसू लागला, शेकडो टन पाणी ओतले गेले, आणि चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, त्यामागून अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली, गोदीतील गुदामे भुईसपाट झाली, जळत्या गाठी हवेतून उडून वस्त्यांवर पडल्या. अमात्यांनी सव्वादोनशे वर्षांपूर्वी दिलेली ताकीद कोणी वाचली नव्हती असे नव्हे; ती निकडीपुढे बाजूस सारली गेली होती.

पुढे 1972 मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, कापूस वऱ्हाड-मराठवाड्यातच तोलला जाऊ लागला. 1982 च्या जानेवारीत गिरणीसंप झाला आणि परळच्या गिरण्यांचे कापूस मागणे थांबले. गुदामांमागील कारण गेले, इमारती राहिल्या.

आता मोटारीकडे येऊ. मुंबईच्या बंगल्यांत घोडागाडीसाठी बग्गीखाना मूळ घरापासून सुटा असे, तो घोड्यांच्या वासामुळे व गवताच्या आगीच्या भयाने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोटार आली, तिने तीच जागा घेतली, आणि पेट्रोलमुळे सुटेपणाचे कारण नाहीसे न होता उलट दृढ झाले. म्हणून आवारात मोटारीसाठी वेगळी इमारत उठविणाऱ्याने हे कुळ ओळखून तजवीज करावी. आत काय राहणार हे प्रथम लिहून काढावे. पेट्रोलची मोटार, विजेवर भारित होणारी मोटार, रंगाचे डबे आणि गवताच्या पेंढ्या यांचे स्वभाव एक नव्हेत. मग घराच्या वाऱ्याखालची बाजू पाहून अंतर ठरवावे, नियमाने सांगितलेले किमान अंतर हे कमाल न समजावे, आणि त्या रिकाम्या पट्ट्यात पुढे पडवी काढण्याचा मोह टाळावा. कोकणातील पावसाचे मान लक्षात घेऊन छपराला उतार पुरेसा द्यावा, जोते पुराच्या खुणेहून वर घ्यावे, दार मोटारीच्या नव्हे तर उघड्या दारांच्या मोटारीच्या मापाने ठेवावे, आणि माळ्यावर राहण्याची खोली काढावयाची असेल तर खाली इंधन ठेवू नये. छपराचा आकार, रंग आणि शोभा यांचा विचार याच्यानंतर करावा. आणि नकाशा मंजुरीस धाडण्यापूर्वी एकदा कॉटन ग्रीनला जाऊन, दोन गुदामांमधील रस्ता पावलांनी मोजून यावा.