जमिनीचा कागद आणि जमिनीचा हक्क

येलहंका हे आज बंगळूर महानगराचे उत्तरेकडील अंग झाले आहे. परंतु पूर्वी हे नाते उलटे होते. येलहंका हे मूळ ठाणे, आणि बंगळूर ही तेथल्या नाडप्रभूंनी वसविलेली पेठ. विजयनगरचा मांडलिक पहिला केंपेगौडा याने १५३७ साली बंगळूरचा कोट उभारला, असे मानतात. पुढे १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने तो जिंकला. केंपेगौडाचे घराणे मागडीस हटले आणि बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली. शंभर वर्षांत भूमी तीच राहिली. बदलला तो तिच्यावर हक्क सांगणारा.

याच बंगळूरचा एकदा सौदा झाला होता. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी तंजावरास स्थिरावले, आणि दूरचे बंगळूर राखणे त्यांना जड जाऊ लागले. विल्क्सने आपल्या मैसूरच्या इतिहासात सांगितलेली हकीकत अशी की, मैसूरचे राजे चिक्कदेवराय यांना ते तीन लाख रुपयांस विकण्याचे ठरले. पण ताबा देण्याआधीच, १६८७ मध्ये, औरंगजेबाचा सरदार कासीमखान याने शहर घेतले, आणि तेवढ्याच रकमेस ते चिक्कदेवरायांच्या हवाली केले. घेणारा तोच, किंमत तीच. विकणारा मात्र निराळा!

त्या काळी ज्याचा ताबा त्याचा हक्क. आज तलवारीची जागा कागदाने घेतली आहे. पण पहिला प्रश्न अजून तोच आहे: विकणाऱ्यास विकण्याचा अधिकार आहे काय?

येलहंक्यात भूखंड घेऊ पाहणाऱ्या मराठी माणसाला तेथले कागद अगदी परके वाटू नयेत. आपला सातबारा, तशी तिकडची ‘पहाणी’. तिच्या नावात आपली ‘पाहणी’च ऐकू येते. ‘खाते’ हा शब्द तर आपलाच. खरेदीखताला तेथे ‘क्रयपत्र’ म्हणतात. मात्र शब्द ओळखीचा वाटला म्हणून त्याचा अर्थ गृहीत धरू नये. यांतील प्रत्येक कागद एकाच प्रश्नाचे उत्तर देतो.

पहाणी सांगते की महसुलाच्या दप्तरी जमीन कोणाच्या नावे आहे आणि तीत काय पिकते. कर्नाटकाच्या १९६४ च्या महसूल कायद्याप्रमाणे अशी नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. म्हणजे ती खोटी ठरू शकते. पालिकेचे खाते सांगते की कर कोणाकडून घ्यावा. कर भरणारा मालक असेलच असे नाही. ऋणभाराचा दाखला नोंदलेले व्यवहार आणि गहाण दाखवितो. जे नोंदलेच नाही, ते त्यात दिसत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या खतानेच होते. केवळ मुखत्यारपत्र व करारनामा यांच्या बळावर मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले.

आणि नोंदलेले खरेदीखत तरी काय सांगते? अमक्याने तमक्यास विकले, इतकेच. विकणाऱ्याकडे ती जमीन कोठून आली, हे विचारण्यासाठी मूळपत्रापासूनची साखळी पाहावी लागते: वाटणी झाली काय, बहिणींचे हक्क सुटले काय, शेतजमीन रीतसर बिनशेती झाली काय. साखळीतील एक कडी निखळली, तर पुढच्या साऱ्या कड्या, कितीही शिक्के असले तरी, अधांतरी राहतात.

चिक्कदेवरायांना पुन्हा सौदा करता आला, कारण त्यांचे तीन लाख त्यांच्याजवळच होते. गावची शेती विकून, निवृत्तीची पुंजी ओतून भूखंड घेणाऱ्याला दुसरी संधी सहसा मिळत नाही. म्हणून पैसा हातचा जाण्यापूर्वीच प्रत्येक कागदाला विचारावे: बाबा रे, तू नेमके काय सांगतोस, आणि काय सांगत नाहीस?